विदा-संचय आणि अभिलेखन व्यवस्था : मूलभूत परिभाषेचा परिचय

बीजसंज्ञा : विदा, संचय माध्यम, राखीव प्रत, अभिलेखन, अक्षरसंकेतन, मेटाडेटा, अखंडता-तपासणी

प्रस्तावना

मराठी राज्यकारभारात कागद जपण्याची स्वतंत्र परिभाषा होती. कीर्द, खतावणी, दप्तर, रुमाल, दप्तरदार हे शब्द त्या व्यवहारातून रूढ झाले. कागद रुमालात बांधावा, रुमाल ठरलेल्या जागी ठेवावा आणि काय कोठे आहे याची जबाबदारी एका माणसाकडे असावी, ही ती व्यवस्था. पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत संपादित करून प्रसिद्ध केले. हे कार्य घडू शकले, कारण कागद टिकले होते आणि त्यांपर्यंत पोहोचण्याची वाट शिल्लक होती. टिकणे आणि सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच लक्षात घेतले पाहिजे.

आज महाविद्यालयाच्या कार्यालयात, ग्रंथालयात व विभागांत कागदाची जागा फाइलने घेतली आहे. निकालपत्रके, प्रवेशनोंदी, सेवापुस्तकांच्या प्रतिमा, शोधप्रबंध, मूल्यांकनासाठी जमविलेली वर्षानुवर्षांची आकडेवारी ही सर्व संगणकावर असते. परिभाषा मात्र धूसर राहिली आहे. ‘डेटा सेव्ह आहे’, ‘बॅकअप घेतला आहे’, ‘क्लाउडवर टाकले आहे’ आणि ‘अर्काइव्ह केले आहे’ ही चार विधाने कार्यालयीन बोलण्यात समानार्थी म्हणून वापरली जातात. वस्तुतः ती चार भिन्न गोष्टी सांगतात आणि त्यांतील फरक न कळल्यास जे गमवावे लागते ते परत मिळत नाही.

याचे अलीकडील मोठे उदाहरण दक्षिण कोरियातील आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या विदाकेंद्रात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांची कामकाजाची कागदपत्रे ठेवण्यासाठी तेथे ‘जी-ड्राइव्ह’ नावाची व्यवस्था होती. तिच्यातील सुमारे ८५८ टेराबाइट विदा जळाली आणि केंद्राबाहेर तिची प्रत नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या राष्ट्रात हे घडले. तेथे साठा होता, राखीव प्रत नव्हती. प्रस्तुत लेखात या क्षेत्रातील मूलभूत संज्ञांचा अर्थ, त्यामागील कार्यपद्धती आणि मराठी मजकुराच्या संदर्भात त्यांना येणारे विशेष महत्त्व यांचे विवेचन केले आहे.

विदा, संचय आणि स्मृती

‘डेटा’साठी मराठीत ‘विदा’, ‘आधारसामग्री’ आणि सैलपणे ‘माहिती’ असे तीन प्रतिशब्द वापरले जातात. त्यांपैकी ‘माहिती’ हा शब्द येथे टाळणे श्रेयस्कर, कारण विदेला संदर्भ व अर्थ प्राप्त झाल्यावर तिची माहिती होते. ‘६२’ ही विदा. ‘द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला मराठीच्या प्रश्नपत्रिकेत शंभरपैकी ६२ गुण मिळाले’ ही माहिती. हा भेद केवळ तात्त्विक नाही. अभिलेखनातील निम्म्या अडचणी, आकडे टिकले पण ते कशाचे हे सांगणारा संदर्भ हरवला, या एकाच प्रकारच्या असतात.

दुसरा गोंधळ स्मृती आणि संचय यांचा. भ्रमणध्वनीची ‘मेमरी भरली’ असे म्हटले जाते तेव्हा बहुधा संचय भरलेला असतो. संगणकशास्त्रात स्मृती म्हणजे चालू कामाचा मजकूर तात्पुरता धरून ठेवणारी, वीज जाताच रिकामी होणारी रॅम. वीज गेल्यावरही जो मजकूर राहतो तो संचयात असतो. फळा आणि वही यांच्यात जो फरक, तोच या दोहोंत.

मापनाची परिभाषा

बिट हा विदेचा सर्वांत लहान घटक; त्याचे मूल्य शून्य किंवा एक असते. आठ बिटांचा एक बाइट होतो. पुढील किलोबाइट, मेगाबाइट, गिगाबाइट, टेराबाइट ही चढती भाजणी सर्वपरिचित आहे. मात्र तिच्यात एक जुनी संदिग्धता दडलेली आहे. मेट्रिक पद्धतीनुसार ‘किलो’ म्हणजे १०००, परंतु द्विमान पद्धतीत सोयीची संख्या १०२४ असल्याने संगणकक्षेत्रात तीही ‘किलो’ म्हणूनच वापरली गेली. हा घोळ मिटविण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट ही निराळी नावे सुचविली. ती व्यवहारात फारशी रुळली नाहीत. परिणामी ‘१ टेराबाइट’ असे छापलेली डिस्क विंडोज प्रणालीत सुमारे ९३१ गिगाबाइटची दिसते आणि खरेदी समितीत विक्रेत्याने फसविल्याची चर्चा होते. फसवणूक झालेली नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि प्रणाली १०२४ च्या पटीत मोजून नाव मात्र तेच लिहिते.

मराठी मजकुराच्या बाबतीत बाइटचा हिशेब पाहण्यासारखा आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे असल्याने तो शब्द पंधरा बाइटांत साठतो. तोच शब्द रोमन लिपीत सात अक्षरांत, म्हणजे सात बाइटांत मावतो. आजच्या साठ्यांच्या तुलनेत हा फरक नगण्य आहे, हेही सांगितले पाहिजे. पृष्ठाची स्कॅन केलेली एक प्रतिमा संपूर्ण कादंबरीच्या मजकुरापेक्षा अधिक जागा व्यापू शकते.

संचय माध्यमे

१९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ संगणकासोबत पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर मिळून पन्नास लाख चिन्हे मावत. चुंबकीय तबकडीचे मूळ तत्त्व आजही तेच आहे: फिरणाऱ्या तबकडीवरील सूक्ष्म क्षेत्रांची चुंबकीय दिशा म्हणजे शून्य किंवा एक. यात हलणारे भाग असल्याने धक्का आणि झीज हे तिचे शत्रू होत.

घनस्थिती ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, आणि पेन ड्राइव्ह यांत हलणारे भाग नसतात. फ्लॅश स्मृतीच्या पेशीत विद्युतभार अडकवून मजकूर ठेवला जातो. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये या स्मृतीची मांडणी केली. हा भार हळूहळू गळतो, ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते. या क्षेत्रातील जेडेक या मानक संस्थेच्या निकषानुसार, लेखनक्षमता पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने वीजपुरवठ्याविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष विदा टिकविली म्हणजे पुरे. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक काळ विदा धरते. तथापि कपाटात कुलूपबंद ठेवलेला पेन ड्राइव्ह म्हणजे कायमची सोय, ही समजूत चुकीची आहे.

प्रकाशीय तबकड्यांपैकी सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट आणि एकपदरी डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत मजकूर सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात नोंदला जातो. तो थर उष्णता व प्रकाशाने बिघडतो. शिवाय सीडीची परावर्तक बाजू लेबलाच्या अगदी खाली असते. टोकदार बॉलपेनने तबकडीवर विषय लिहिणाऱ्या हाताला आपण मजकुरावरच ओरखडा काढत आहोत याची कल्पना नसते.

चुंबकीय फीत कालबाह्य झाली असा समज आहे. तोही बरोबर नाही. मोठ्या विदाकेंद्रांत दीर्घकालीन साठ्यासाठी फीतच वापरली जाते. एलटीओ या मानकाची पहिली पिढी २००० मध्ये आली, तेव्हा एका काडतुसात १०० गिगाबाइट मावत. २०२१ मधील नवव्या पिढीत ही क्षमता १८ टेराबाइट झाली. फीत वाचताना हवा तो तुकडा लगेच मिळत नाही, ती गुंडाळत जावे लागते. पण यंत्रातून काढून ठेवलेल्या फितीला संगणकविषाणू शिवू शकत नाही.

यावरून साठ्याचे तीन स्तर मानले जातात. सतत जोडलेला व तत्काळ मिळणारा तो सद्यःसंचय, यंत्राने थोड्या विलंबाने आणून दिलेला तो निकटसंचय आणि माणसाने कपाटातून काढून जोडावा लागतो तो विलग संचय. क्लाउड सेवांमध्ये ‘उष्ण’ आणि ‘शीत’ साठा ही विशेषणे याच अर्थाने येतात. शीत साठ्याचे भाडे अल्प असते. पण मजकूर परत मागितल्यावर तो मिळण्यास काही तास लागू शकतात आणि बाहेर काढण्याचा खर्च वेगळा पडतो. ‘क्लाउड’ हे माध्यम नव्हे. दुसऱ्याच्या इमारतीतील डिस्क व फिती भाड्याने घेण्याचा तो करार आहे.

संचयाची रचना आणि ‘रेड’

एकाच संगणकाला थेट जोडलेला साठा हा थेट संचय होय. महाविद्यालयाच्या जाळ्यावर फाइलींच्या रूपाने सर्वांना उपलब्ध असणारा साठा ‘नॅस’ या नावाने ओळखला जातो. सर्व्हरांसाठी स्वतंत्र जाळे उभारून, जणू त्यांचीच डिस्क असावी असा पुरविलेला साठा म्हणजे ‘सॅन’. सामान्य महाविद्यालयाचा संबंध पहिल्या दोहोंशीच येतो.

‘रेड’ या संज्ञेकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी १९८८ मधील शोधनिबंधात ही कल्पना मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांतील एखादी निकामी झाली तरी काम चालू राहावे, हा तिचा हेतू. रेड-१ मध्ये एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर सतत लिहिली जाते. रेड-५ मध्ये समतेचे गणित वापरतात. एका डिस्कवर १ आणि दुसरीवर ० असेल, तर दोन्ही बिट भिन्न असल्याने तिसरीवर १ लिहितात. बिट सारखे असते तर ० लिहिले असते. आता पहिली डिस्क बिघडली, तरी दुसरीवरील ० आणि तिसरीवरील ‘भिन्न’ ही खूण यांवरून हरवलेला बिट १ होता, हे काढता येते. चार टेराबाइटच्या चार डिस्क रेड-५ मध्ये जोडल्यास वापरण्याजोगी जागा बारा टेराबाइट उरते आणि एक डिस्क बिघडल्यास नुकसान होत नाही. रेड-६ मध्ये दोन डिस्क बिघडल्या तरी चालते, पण जागा आठ टेराबाइटच राहते.

रेड ही राखीव प्रत नव्हे. लिपिकाने चुकून फाइल पुसली तर ती सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर विषाणूने फाइली कुलूपबंद केल्या तर रेड त्या कुलूपबंद फाइलीच निष्ठेने जपते. आग, चोरी व पूर यांच्यापुढे तर ती निरुपयोगीच. क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरांनाही हेच लागू आहे. समक्रमण म्हणजे दोन्ही ठिकाणची स्थिती सारखी ठेवणे. इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते. टाकलेल्या फाइली काही दिवस परत मिळविण्याची सोय सेवादाते देतात, पण ती मुदत संपल्यावर इलाज नसतो.

राखीव प्रत

चालू विदा नष्ट झाल्यास ती पूर्ववत करण्यासाठी वेगळ्या माध्यमावर, ठराविक काळाने घेतलेली प्रत म्हणजे राखीव प्रत किंवा बॅकअप. तिचे तीन प्रकार आहेत. पूर्ण प्रतीत सर्व विदा घेतली जाते. वर्धमान प्रतीत मागील कोणत्याही प्रतीनंतर जे बदलले तेवढेच घेतात. भेददर्शी प्रतीत मागील पूर्ण प्रतीनंतर बदललेले सर्व घेतात.

उदाहरणार्थ, एखाद्या कार्यालयाची विदा १०० गिगाबाइट असून दररोज सुमारे २ गिगाबाइट बदलते आणि रविवारी पूर्ण प्रत घेतली जाते असे समजू. शुक्रवारी सकाळी डिस्क बंद पडली. वर्धमान पद्धतीत रविवारची पूर्ण प्रत आणि सोमवार ते गुरुवारच्या चार प्रती अशा एकूण पाच प्रती क्रमाने लावाव्या लागतील. मधली मंगळवारची प्रत खराब निघाल्यास पुढील दोन प्रती असूनही विदा पूर्णपणे जुळणार नाही. भेददर्शी पद्धतीत रविवारची आणि गुरुवारची अशा दोनच प्रती पुरतात, मात्र गुरुवारची प्रत आठ गिगाबाइटपर्यंत फुगलेली असते. जागा वाचवायची की परत मिळविण्याचे श्रम, हा निर्णय आधी घ्यावा लागतो.

या निर्णयासाठी दोन संज्ञा आहेत. किती काळाची विदा गमावणे परवडेल, ती पुनःप्राप्ती-बिंदू मर्यादा. काम किती वेळ बंद राहिलेले परवडेल, ती पुनःप्राप्ती-काल मर्यादा. प्रवेशप्रक्रियेच्या आठवड्यात पहिली मर्यादा एक तासाची असावी लागेल. ग्रंथालयाच्या जुन्या नियतकालिकसूचीसाठी ती एका महिन्याची असली तरी चालेल. सर्व विदेसाठी एकच नियम लावणारे कार्यालय बहुधा एकीकडे व्यर्थ खर्च करते आणि दुसरीकडे धोका पत्करते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’ हा संकेत उपयुक्त आहे: विदेच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक अन्य ठिकाणी. देजॉन येथील घटनेत या संकेतातील अखेरचा ‘एक’ नव्हता.

प्रती असणे आणि त्या परत लावता येणे यांतही अंतर असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकप्रणाली-विकास सेवेतील अभियंत्याने थकव्याच्या भरात चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले. संस्थेने राखीव प्रतीच्या अनेक पद्धती लावून ठेवल्या होत्या. पाहता पाहता त्या सर्व कुचकामी ठरल्या. रोजची प्रत घेणारी आज्ञा आवृत्तीच्या विसंगतीमुळे अपयशी होत होती आणि तसे कळविणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीमुळे निभावले. सुमारे सहा तासांची विदा गेली, सेवा सुमारे अठरा तास विस्कळीत राहिली. संस्थेने हा सारा वृत्तांत स्वतःच प्रकाशित केला, हे विशेष. पुनःस्थापन-चाचणी, म्हणजे राखीव प्रत प्रत्यक्ष दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे, ही संज्ञा म्हणूनच बॅकअपच्या व्याख्येतच समाविष्ट मानावी लागते.

अभिलेखन

अभिलेखनाचा हेतू वेगळा आहे. राखीव प्रत उद्यासाठी असते. अभिलेख अशा वाचकासाठी असतो जो अद्याप ठरलेला नाही. राखीव प्रतीवर ठराविक चक्राने नवी प्रत लिहिली जाते. समजा, परीक्षा विभागातील एका जुन्या वर्षाच्या निकालपत्रकावर जूनमध्ये चुकून नवे पत्रक साठविले गेले आणि ते डिसेंबरमध्ये, एखादा माजी विद्यार्थी गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मागावयास आला तेव्हा, लक्षात आले. बॅकअप रोज बिनचूक घेतला गेला असेल. पण तीस दिवसांचे चक्र असल्यास सर्व प्रतींत चुकीचेच पत्रक असेल. त्या विद्यार्थ्याचा निकाल चालू विदेतून काढून, यापुढे बदलता न येणाऱ्या रूपात वेगळा ठेवणे, हे अभिलेखन होय. एकदा लिहावे आणि कितीही वेळा वाचावे, पण बदलू नये, अशा साठ्यासाठी ‘वर्म’ ही संज्ञा आहे.

सर्वच जपावयाचे नसते. शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण करून जतनाचा कालावधी ठरविण्याची पद्धत जुनी आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ आणि महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम हे या विषयाचे कायदे होत. मुंबई अभिलेख कार्यालयाची स्थापना १८२१ मधील. आजचे पुराभिलेख संचालनालय त्याचाच विस्तार आहे. डिजिटल फाइलींना मात्र अशी वर्गवारी क्वचितच लावलेली दिसते. कागदाचे कपाट भरले की छाननी करावी लागते. डिस्क भरली की दुसरी डिस्क घेतली जाते.

अप्रचलन : माध्यम टिकते, वाचक हरवतो

इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीचा ‘डूम्सडे बुक’ हा ग्रंथ आजही वाचता येतो. त्याच्या नवशे वर्षांच्या निमित्ताने बीबीसीने १९८६ मध्ये लाखो लोकांच्या सहभागातून नवा डिजिटल ‘डूम्सडे’ तयार केला. तो बारा इंची लेसर तबकड्यांवर होता आणि विशिष्ट संगणक व विशिष्ट वाचकयंत्रावरच चाले. पंधरा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ प्रकल्पाने २००२ मध्ये जुन्या संगणकाचे वर्तन नव्या संगणकावर हुबेहूब घडवून ही विदा पुन्हा दाखविली. या उपायास अनुकरण म्हणतात. दुसरा उपाय स्थानांतरणाचा : स्वरूप कालबाह्य होण्यापूर्वीच विदा नव्या स्वरूपात नेणे.

मराठी प्राध्यापकांसाठी ही दूरदेशीची कथा नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांसारख्या प्रणालींत टंकलिखित होत असे. या प्रणालींचे ऋण मोठे आहे. मराठी मुद्रणाला संगणकावर त्यांनीच आणले. परंतु त्यांच्या फाँटमध्ये अक्षर नव्हे तर अक्षराचा आकार साठविला जाई आणि त्यासाठी रोमन चिन्हांचे संकेतांक वापरले जात. फाँट संगणकावर नसला की ‘महाराष्ट्र’ऐवजी रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची दाटी दिसते. प्रत्येक प्रणालीची मांडणी भिन्न असल्याने एकीचा मजकूर दुसरीत उमटत नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे उच्चारानुसारी संकेतन मानक म्हणून दिले होते. छपाईच्या व्यवहारात मात्र आकारांवर आधारलेले फाँटच चालले.

असा मजकूर युनिकोडमध्ये नेणे हे केवळ एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवण्याचे काम नाही. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून आकाराधारित फाँटमध्ये ती आधी साठते; युनिकोडमध्ये उच्चारक्रमानुसार आधी क आणि मग वेलांटी. ‘धर्म’ या शब्दातील रफार आकारक्रमात म नंतर येतो. युनिकोडमध्ये र आणि हलन्त हे म च्या आधी असले पाहिजेत. रूपांतरक प्रणाली हे नियम पाळतात, तरी जोडाक्षरांत चुका राहतात आणि मुद्रितशोधन करावेच लागते. नव्वदच्या दशकात व २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टंकलिखित झालेले मराठी एम.फिल. व पीएच.डी.चे प्रबंध, गौरवग्रंथ आणि नियतकालिकांचे अंक यांपैकी कितीतरी याच अवस्थेत आहेत. त्यांच्या पीडीएफ प्रती डोळ्यांनी वाचता येतात, पण त्यांत ‘तुकाराम’ हा शब्द शोधला तर एकही निकाल मिळत नाही. संगणकाच्या लेखी तो शब्द तेथे नाहीच.

फाँट फाइलीतच अंतर्भूत असावा, बाह्य दुव्यांवर अवलंबन नसावे, कुलूप नसावे अशा अटी घालणारे ‘पीडीएफ-ए’ हे अभिलेखनाचे स्वरूप २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. ते दिसणे टिकविते. मजकूर शोधता यावा यासाठी मूळ टंकन युनिकोडमध्येच हवे.

‘ओएआयएस’ प्रतिमान आणि मेटाडेटा

अवकाश संशोधन संस्थांच्या विदाविषयक सल्लागार समितीने अभिलेखागारासाठी एक संदर्भ-प्रतिमान तयार केले; ते २००३ मध्ये आयएसओ १४७२१ हे मानक झाले. ‘ओएआयएस’ या संक्षेपाने ते ओळखले जाते. त्यात विदेच्या तीन गठ्ठ्यांची कल्पना आहे. दात्याकडून येतो तो सादरीकरण-संच, अभिलेखागारात जपला जातो तो अभिलेख-संच आणि वाचकाला दिला जातो तो वितरण-संच. हस्तलिखिताच्या स्कॅनचे उदाहरण घेतल्यास, छायाचित्रकाराने दिलेल्या फाइली पहिल्या संचात. तपासून, वर्णन जोडून ठेवलेल्या टिफ स्वरूपातील मूळ प्रतिमा दुसऱ्यात. आणि वाचकासाठी आकाराने लहान केलेल्या जेपेग प्रतिमा तिसऱ्यात. जेपेगच्या संक्षेपात काही तपशील कायमचा गळतो. त्यामुळे जागेच्या काळजीने केवळ जेपेग प्रती ठेवून मूळ टिफ पुसणे हा भरून न येणारा तोटा असतो.

या प्रतिमानातील सर्वांत मोलाची संज्ञा म्हणजे निरूपण-माहिती : विदा समजण्यासाठी वाचकापाशी जे ज्ञान असावे लागते ते. मोडी कागद हे तिचे उत्तम उदाहरण. कागद शाबूत, शाई शाबूत, रुमालही जागेवर. पण मोडी वाचणारे विरळ झाले की तो कागद बंद होतो. मोडीची वर्णमाला, काळानुसार बदललेली वळणे, तारखांची शुहूर व फसली सनांतील मांडणी, हे सर्व त्या विदेची निरूपण-माहिती आहे. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला, तेव्हा तिचा एक भाग मानकाच्या रूपाने नोंदला गेला. आकडेवारीच्या फाइलीतील ‘स्तंभ ७ : १ = होय, २ = नाही, ९ = उत्तर नाही’ ही टीप म्हणजेही हेच. ती टीप नसेल तर ९ हा आकडा सरासरीत मिळविला जातो आणि निष्कर्ष बिघडतो.

मेटाडेटा म्हणजे विदेविषयीची विदा. तिच्या वर्णनात्मक अंगासाठी ‘डब्लिन कोअर’ हा पंधरा घटकांचा संच सर्वत्र वापरला जातो. हे डब्लिन आयर्लंडचे नव्हे. अमेरिकेतील ओहायो राज्यातील या नावाच्या गावी १९९५ मध्ये झालेल्या कार्यशाळेवरून हे नाव पडले. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क असे त्याचे घटक आहेत. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या प्रबंध-भांडारात प्रबंधांच्या नोंदी अशा घटकांच्या आधारेच सापडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले, तेव्हापासून हे भांडार वाढत गेले. संशोधकाचे नाव एका नोंदीत आद्याक्षरांसह, दुसरीत आडनाव आधी आणि तिसरीत निराळ्या रोमन वर्णलेखनाने असेल, तर एकच व्यक्ती तीन ठिकाणी विभागली जाते. नावे एकाच रूपात बांधून ठेवण्याच्या या कामाला प्राधिकृत-नाम नियंत्रण म्हणतात आणि ते ग्रंथपालाशिवाय होत नाही.

अखंडता-तपासणी आणि विल्हेवाट

वर्षानुवर्षे पडून असलेल्या फाइलीतील एखादा बिट उलटला तरी तिचे नाव, आकार व दिनांक तेच राहतात. हा मूक बिघाड ओळखण्यासाठी फाइलीवरून गणिताने एक ठसा काढतात. एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा चौसष्ट चिन्हांचा असतो; फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्णतः निराळा येतो. फाइल जमा करताना ठसा काढून स्वतंत्र नोंदवहीत ठेवावा, ठरावीक काळाने पुन्हा काढून ताडून पाहावा आणि न जुळल्यास दुसऱ्या प्रतीवरून फाइल दुरुस्त करावी, या क्रमाला अखंडता-तपासणी असे नाव आहे. त्यासाठी लागणारी आज्ञा विंडोज व लिनक्स दोन्ही प्रणालींत विनामूल्य उपलब्ध आहे.

जतनाचा कालावधी संपलेल्या विदेची विल्हेवाट हाही अभिलेखनाचाच भाग होय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये उद्देश संपल्यावर वैयक्तिक विदा पुसण्याचे तत्त्व आले आहे. महाविद्यालयाकडे विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातप्रमाणपत्रे व बँकखात्यांचे तपशील असतात, म्हणून त्याचे महत्त्व येथे अधिक. फाइल ‘डिलीट’ केल्याने चुंबकीय डिस्कवर केवळ सूचीतील नोंद जाते, मजकूर तेथेच राहतो आणि भंगारात विकलेल्या डिस्कवरून तो परत मिळविता येतो. अशा डिस्कवर संपूर्ण पुनर्लेखन करावे किंवा तीव्र चुंबकीय क्षेत्राने ती पुसावी. घनस्थिती ड्राइव्हवर चुंबकाचा परिणाम होत नाही, कारण तिच्यात विदा चुंबकीय रूपात नसतेच. आणि ती आपल्या पेशी आलटूनपालटून वापरत असल्याने पुनर्लेखनानंतरही काही भाग मागे राहू शकतो. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित-पुसणी आज्ञा वापरावी लागते, अथवा पहिल्या दिवसापासून विदा कूटबद्ध ठेवून अखेरीस केवळ तिची किल्ली नष्ट करावी लागते.